रंग विचारणे

त्या मंगळवारी त्यांनी स्टुडिओचं शटर वर केलं, उदबत्ती लावली आणि ते खुर्चीत बसले. समोरच्या घड्याळवाल्याने मला फोन केला. मी पोचले तेव्हा ते गेले होते. उदबत्ती जळत होती.

ही मार्चमधली गोष्ट. आता जानेवारी लागला आहे, आणि शिरूरच्या बाजारपेठेतला तो गाळा मी अजून रिकामा करते आहे. गाळ्याचे मालक म्हणाले, "बाई, सावकाश होऊ द्या." मी सावकाशच करते. दुपारी कुलूप उघडायचं, एखादा खण उपसायचा, संध्याकाळी घरी जायचं. मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे ते फोटो धुवायचे, अजून हायपोच्या रसायनाचा आंबूस वास आहे. तो वास त्यांच्या बोटांना होता, वर्तमानपत्राला होता, आमच्या घरातल्या उशांना होता. लग्नानंतरचे पहिले काही महिने मला तो सोसत नसे. आता मी आत जाते, दार लावून घेते आणि थोडा वेळ उभी राहते.

गेल्या आठवड्यात सगळ्यात खालच्या खणात, रंगांच्या बाटल्यांखाली, एक फोटो सापडला. कृष्णधवल. भीमेकाठचं धुकं, शाळू ज्वारीचं रान, एका बाजूला कललेली चिंच आणि रानाच्या मधोमध काठीला बांधलेलं एक फडकं. मागे पेन्सिलीने, त्यांच्या बारीक अक्षरात: "मांडवगण फराटा. रंग विचारणे."

या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ कळणारी आता मी एकटीच आहे. माझ्या नवऱ्याला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता. दोन्ही सारखेच मातकट. या माणसाने शिरूरमध्ये चाळीस वर्षं फोटोग्राफीचा धंदा केला, कृष्णधवल फोटोंच्या काळात कितीतरी नवरींचे शालू हाताने रंगवून दिले, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हती.

ते मूळचे दौंडचे. सासरे रेल्वेत गँगमन होते. लाल आणि हिरव्या झेंडीवर सगळं घर चाललेलं. मुलानेही रेल्वेतच चिकटायचं हे ठरलेलं होतं, कारण त्यांच्या आळीत दुसरं काही ठरतच नसे. लेखी परीक्षा झाली, धावण्याची झाली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांमध्ये एक आकडा लपवलेला असतो. बाकीच्या मुलांना आकडा दिसला, यांना ठिपके दिसले. घरी येऊन सांगितलं तेव्हा सासरे ओट्यावर बसून दाढी करत होते. गालावरचा साबण तसाच ठेवून ते म्हणाले, "आरं मग येखादा आकडा ठोकून द्यायचा! त्या डाक्तरला तरी काय कळनार हाय?"

या वाक्याची नक्कल हे आयुष्यभर करत. गालावर साबण असल्यासारखे ओठ तिरके करून. लाइट बिल आलं, आयकराचा फॉर्म आला, माझ्या ग्रंथालयातली पुस्तकांची वार्षिक मोजणी आली की म्हणत, "येखादा आकडा ठोकून दे."

आमचं लग्न बौद्ध पद्धतीने झालं. मी पांढऱ्या साडीत, ते पांढऱ्या सदऱ्यात. पुढे कधी अल्बम उघडला की ते म्हणायचे, "अख्ख्या लग्नात मला घाबरायचं काही कारणच नव्हतं. आपण दोघं पांढरे आणि मागे निळा झेंडा. निळा मला कधी चुकला नाही." खरंच चुकला नाही. निळा आणि पिवळा त्यांना माझ्याइतकेच दिसत. करडई फुलली की तेच मला आधी दाखवत.

मला हे सारं कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. आम्ही दौंडला गेलो होतो आणि सकाळी भीमेच्या काठाने फिरायला निघालो होतो. धुकं इतकं दाट की रेल्वेचा पूल दिसत नव्हता, फक्त त्यावरून मालगाडी जात असल्याचा आवाज, डबा, मग डबा, मग डबा. कुठल्यातरी गुऱ्हाळाची चूल पेटली होती. उकळत्या रसाचा वास धुक्यात अडकून खाली उतरला होता. लांबवर सिग्नलचा एक दिवा दिसला. ते थांबले.

"तो दिवा कुठला आहे?"

"हिरवा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? हिरवाच की."

"एरवी मला वरचा का खालचा त्यावरून कळतं," ते म्हणाले. "धुक्यात खांब दिसत नाही ना. मग वर काय आणि खाली काय."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत, दिव्याकडेच बघत राहिले. मग माझं हसू मागे फिरलं.

"मग शालू कसे रंगवता हो?"

"गिऱ्हाइकाला विचारायचं आणि बाटलीवरचं नाव वाचायचं. एखाद्या दिवशी बाटलीवरचा कागद निघाला तर धंदा बसला."

शिरूरला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याचं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी नुकतीच लागले होते. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्या बाजारातही मिळत, त्या विकत आणल्या आणि नीट अक्षरात लिहिलं: कुंकू. मेथी. डाळिंब. कैरी. वांगं. लाल नंबर दोन आणि हिरवा नंबर तीन यापेक्षा हे बरं. काम चालू असताना ते दुकानातून आत आवाज देत, "अगं, मेथी संपली का?" आणि फोटोसाठी ताटकळलेल्या बाया एकमेकींना म्हणत, "बघ, बायकोला भाजीचंबी इचारतोय. न्हाईतर आमचं."

त्याच वर्षीपासून तो नेम सुरू झाला. हिवाळ्यातला एक रविवार. पहाटे स्कूटरवर बसायचं, स्वेटर, मफलर, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी आणि डब्यात बाजरीची भाकरी. कधी घोडनदीच्या काठाने, कधी भीमेकडे. आपल्याकडचा हिवाळा सकाळी पाहिला तर नुसता करडा असतो. धुकं करडं, उसाचे तुरे करडे, नांगरून टाकलेली ढेकळं करडी. रंग कुठेतरी एकच असतो आणि तो शोधावा लागतो. रीळ कृष्णधवल असे. त्यातला एक फोटो ते खरखरीत कागदावर मोठा करत आणि त्यातली एकच वस्तू रंगवत. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात बुडवायचा, टिपकागदावर टिपायचा आणि मग श्वास धरून लावायचा. बाकी सगळा फोटो जसाच्या तसा.

रानात आमचं बोलणं फार नसे. ते कॅमेऱ्याला डोळा लावून विचारत, "यात काही आहे का?"

"आहे. डावीकडे, बांधाच्या खाली."

"मोठ्याने बोलतोय का हळू?"

त्यांची भाषा अशी होती. लाल, हिरवा या शब्दांचा त्यांना रानात उपयोग नव्हता, ते बाटलीसाठी. रानात मी सांगायची, मोठ्याने, हळू, मध्येच ओरडून गप्प बसल्यासारखा. मोठ्याने बोलणारा रंग एकदाच लावायचा, हळू बोलणारा दोनदा, हा त्यांचा नियम. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या मोठ्याने बोलत. ऊसतोडणीवाल्यांच्या कोपीच्या छपरावर टाकलेली साडी तर भांडत असे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर रंगवलेली धोक्याची कवटी, बैलाच्या शिंगाचा हिंगूळ, एकदा नुसता एक प्लास्टिकचा तांब्या, हागणदारीच्या वाटेवर कुणीतरी विसरलेला. त्या फोटोवरून आम्ही महिनाभर हसत होतो. पण तो फोटो सुंदर आहे. आजही आहे.

एक वर्ष मी खोटं बोलले.

भांडण कशावरून झालं होतं ते आता खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की स्कूटरवर बसताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, कॅरियरला धरलं होतं. न्हावऱ्याच्या पुढे एका रानात धनगरांची मेंढरं बसवली होती. धुक्यात सगळी मेंढरं मिळून एकच दगड असल्यासारखी. खूण म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढला होता. नुकताच ओढलेला, लालभडक.

"यात काही आहे का?"

"आहे. मेंढरांच्या पाठीवर."

"कुठली बाटली?"

"मेथी," मी म्हणाले.

फोटो मोठा करून झाल्यावर त्यांनी मेथी लावली. प्रत्येक पाठीवर, काडीने, श्वास धरून. मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते. फोटो त्यांना इतका आवडला की त्यांनी तो दुकानाच्या काचेत लावला. दोन दिवसांनी आठवडी बाजार होता. एक म्हातारा धनगर काचेला नाक लावून उभा राहिला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "फोटोवालं, ही मेंढरं कुठल्या गावची वो? हिरव्या पाठीची?"

"औंदा चारा बक्कळ आहे, बाबा," हे म्हणाले. "आतून हिरवी झालीत."

पेठ हसली. घड्याळवाला हसला. दिवसभर जो तो येऊन हिरवी मेंढरं बघून गेला. मला हे संध्याकाळी कळलं, तेही घड्याळवाल्याच्या बायकोकडून. यांनी घरी येऊन जेवण केलं, बातम्या ऐकल्या, झोपले. लग्नसराई तोंडावर होती. कुणी जरा जास्त विचार केला असता तर दुसऱ्या दिवसापासून एकही नवरी त्यांच्या दुकानाची पायरी चढली नसती.

सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी दुकानात गेले.

"तो फोटो काढा."

"का?"

"मी खोटं सांगितलं. लाल होता."

ते भिंग पुसत होते. पुसतच राहिले. "माहीत आहे. काल वीस जणांनी सांगितलं."

"मग काढा ना."

"त्या वीस जणांना मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "तुला विचारलं होतं. तू मेथी म्हणालीस, मी मेथी लावली. राहू दे."

फोटो संक्रांतीपर्यंत काचेत राहिला. नंतर तो घरी आला आणि बाकीच्यांबरोबर भिंतीवर ओळीत लागला, चौथा. त्यावरून ते मला कधीही काही बोलले नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात रानात उभं राहून, कॅमेऱ्याला डोळा लावून, पहिल्यासारखंच विचारलं, "यात काही आहे का?" त्या दिवसापासून मी त्यांना एकही रंग चुकूनही चुकीचा सांगितला नाही. ग्रंथालयात रिकाम्या वेळी मी पुस्तकांच्या पाठींकडे बघून सराव करायची. हा मोठ्याने. हा हळू. हा बोलावं की नाही अशा विचारात.

मग रंगीत रीळ आलं, मग डिजिटल. हाताने रंगवायचं काम संपलं. कारखान्यातली मुलं पासपोर्ट फोटो काढायला येऊ लागली, "अंकल, थोडा गोरा कर देना." यांची भीती कायमची गेली, रंग आता मशीन बघत होतं. तरी वर्षातून एक कृष्णधवल रीळ ते पुण्याहून मागवत. तो रविवार काही सुटला नाही. स्कूटरची जागा मोटरसायकलने घेतली, मग पुढे मोटरसायकल नको म्हणून भाड्याच्या रिक्षाने, पण गेलो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते पहिल्यांदा एकटे गेले. दुपारी परतले तेव्हा कान लाल झाले होते थंडीने, आणि मी तसं म्हटलं तर म्हणाले, "असतील. मला काय कळतंय."

"मिळाला का काही?"

"मिळालाय. पण कुठली बाटली ते कळत नाही. एकदा वाटतं पांढरंच आहे, एकदा वाटतं नाही. तुझा गुडघा चालू लागला की जाऊ."

गुडघा फेब्रुवारीच्या अखेरीस चालू लागला. तोवर शाळू काढायला आला होता. धुकं गेलं होतं. मग मार्च आला.

म्हणून परवा मी एकटीच मांडवगणला गेले. एसटीने, काठी घेऊन. हिरव्या मेंढरांच्या फोटोशेजारी अंदाजाने रंगवून आणखी एक खोटा फोटो मला लावायचा नव्हता. आकडा ठोकून द्यायचा नव्हता. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि खिडकीतून मळीचा वास येत होता. धुकं होतं. मांडवगणच्या स्टँडवर चहावाल्याला फोटो दाखवला. त्याने फडकं बघितलंच नाही, चिंच बघितली. "ही आबांची वाकडी चिंच. पाटाच्या कडंकडंनी जावा."

चिंच तिथेच होती. यंदाही शाळूच होता. काठीही होती आणि काठीला ते फडकंही होतं. मी बांधावर उभी राहिले आणि बघत राहिले. वर्षभराच्या उन्हापावसाने ते पार धुऊन निघालं होतं. एकदा वाटलं पांढरं, एकदा वाटलं नाही. मलाही ते आता त्यांना दिसलं तसंच दिसत होतं.

"कुनाला बघताय वो ताई?" मागून आवाज आला. साठीतली बाई, डोक्यावर गवताचा भारा. नाव कौसाबाई, हे नंतर कळलं. मी फोटो पुढे केला. तिने भारा टाकला, हात लुगड्याला पुसले आणि फोटो लांब धरून बघितला.

"आवं, हिकडं या! आपलं रान फोटूत आलंय!"

गोठ्यातून आबा आले. तिचे मालक. त्यांनीही फोटो बघितला. "चिंच झ्याक आलीय."

"ह्यो थंडीत आलेल्या त्या पाव्हण्यानं काढलाय," कौसाबाई म्हणाली. "मफलरवाले. लय येळ हितंच हुबं हुते, तुम्ही हायसा तितंच. म्या म्हनलं, फडक्यात एवढं काय बघताय? काय इचारायचं आसंल तर मला इचारा. तर म्हनले, न्हाई, आमच्या मंडळींना घिऊन येतो, त्या सांगत्याल."

मी फोटो परत घेतला. मग म्हणाले, "मीच ती मंडळी."

"आन् पाव्हणं?"

"मार्चमध्ये गेले."

 तिने मला घराकडे नेलं, पडवीतलं पोतं झटकलं आणि ओट्यावर अंथरलं. "बसा. च्या ठिवते."

चहा झाल्यावर मी विचारलं, "वहिनी, गेल्या वर्षी हे फडकं कुठल्या रंगाचं होतं?"

"लाल," ती लगेच म्हणाली.

"लाल कुठलं?" आबा म्हणाले. "हिरवं हुतं."

"लुगडं माझं का तुमचं?"

"लुगडं तुझं, पर काठीला बांधलं कुनी? म्या."

"म्हंजी माझ्या आंगावर हुतं तवा कवा बघितलं न्हाई, आन् काठीला बांधल्यावर बघितलं व्हय!"

"तवाबी बघितलं हुतं. लाल ते पोरीच्या लग्नातलं. त्ये कवाच इरलं."

"बगा ताई, आता ह्ये मला माझी लुगडी सांगाय लागले!"

मी हसले. मार्चनंतर पहिल्यांदा असं, आवाज करून. चांगल्या डोळ्यांची दोन माणसं, एकाच घरातली, आणि लाल की हिरवं यावर एकमत नाही. हे आमच्या यांना सांगायला हवं होतं. त्यांनी गालाला साबण लावून दाखवला असता.

"थांबा," कौसाबाई उठली. "आर्धं लुगडं वाकळंत घातलंय."

आत जाऊन तिने ती गोधडी आणली, जड, धुराचा आणि माणसांचा वास असलेली. वरचे थर विटलेलेच होते. तिने एक कोपरा मांडीवर घेतला आणि विळ्याच्या टोकाने टाका उचलला.

"राहू द्या, उगाच उसवू नका," मी म्हणाले.

"टाका काय, परत घालता येतो."

चार टाके निघाले. तिने वरचा थर उलटा केला. आत, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे तो रंग होता. हिरवा. बाजारातल्या जुडीचा नाही, पहाटे वाफ्यात दहिवर पडलेल्या मेथीचा.

कौसाबाईने बघितलं. आबांनीही बघितलं, पण ते शहाणे निघाले, गप्प बसले.

"झालं का समाधान?" ती त्यांना म्हणाली. "जल्मात येकदा खरं बोललात." मग माझ्याकडे वळली. "कातरून देऊ का वाईच? घरी जाईस्तवर इसराल."

"नको," मी म्हणाले. "मला सांगता येतो."

परत जाताना मी पुन्हा बांधावर थांबले. धुकं निवळत होतं. पाटाचं पाणी वाजत होतं आणि दूर कुणीतरी पाखरं हाकलत होतं. कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता, म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "आहे. मधोमध. हळू बोलतोय."

काल दुपारी स्टुडिओत बसले. काडीला कापूस गुंडाळला, टिपकागद घेतला, मेथीची बाटली उघडली. माझा हात त्यांच्याइतका स्थिर नाही, एका जागी रंग काठीवर गेला आहे. श्वास धरायला जमलं. एकदा लावला, वाळू दिला, मग पुन्हा लावला.

गाळा महिनाअखेरीस रिकामा होईल. घरच्या भिंतीवर आता अडतीस फोटो आहेत. चौथ्यातला हिरवा खोटा आहे आणि शेवटच्यातला खरा. मेथीच्या बाटलीत तळाला बोटभर रंग उरला आहे.